मेव्हण्याचा कोड, गोव्याची रूम

ताई, नमस्कार.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये अकाउंट्स बघतो. येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. दोघांनी आजवर गोवा बघितला तो एसटीच्या खिडकीतून, म्हणून या वेळी त्यांना चांगल्या हॉटेलात दोन रात्री ठेवायचं ठरवलंय. आई-बाबा, आम्ही चौघं आणि बहिणीकडचे, अशा तीन रूम लागतात. माझा धाकटा मेव्हणा पुण्यात हिंजवडीला मोठ्या आयटी कंपनीत आहे. त्यानं आपल्या कंपनीचा कोड टाकून माझ्या नावावर तिन्ही रूम बुक करून टाकल्या. वेबसाइटवर ९,२०० रुपयांना दिसणारी रूम ६,८०० ला पडली. तो म्हणतो, "दाजी, बिनधास्त जावा. कोण विचारत नाय. आमच्यातले सगळेच घरच्यांना देतात." पण बुकिंगच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की चेक-इनला कंपनीचं ओळखपत्र दाखवावं लागेल. मेव्हणा आमच्याबरोबर येणार नाही. बायको म्हणते, भावानं एवढं केलंय, आता तुम्ही खुसपट काढू नका. मला मात्र आतून बरं वाटेना. खरंच काही धोका असतो का, की मी उगीच घाबरतोय? आणि जाता जाता एक विचारतो : बिलावर आमच्या फर्मचा जीएसटी नंबर टाकून घेतला तर चालेल का?

एक वाचक, कोल्हापूर

दादा, नमस्कार.

आधी तुमच्या मेव्हण्याची बाजू घेते, कारण तो खोटं बोलत नाही. मी बारा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनला काढली, आधी पुण्यात आणि मग पणजीत. बहुतेक दिवशी खरंच कोणी विचारत नाही. संध्याकाळी सहाला काउंटरपुढं रांग असते, लहान पोरं रडत असतात, ड्रायव्हर बॅगा कुठं ठेवू म्हणून मागं उभा असतो. आधार कार्ड घ्यायचं, स्कॅन करायचं, किल्ली द्यायची आणि पुढच्याला बोलवायचं. त्या गडबडीत "सर, कंपनीचं आयकार्ड?" हा प्रश्न बहुतेक वेळा गिळला जातो. म्हणून तर हा प्रकार इतका फोफावलाय. ज्याला विचारलं गेलं नाही तो चार जणांना सांगतो. ज्याला विचारलं गेलं तो घरी येऊन गप्प बसतो.

तर विचारलं जाण्याची शक्यता थोडी आहे. विचारलं तर काय होतं आणि कोणाचं होतं, ते मात्र तुम्हाला माहीत असायला हवं.

हा कोड म्हणजे काय ते आधी बघूया. दिवाळीतल्या सेलचा कूपन कोड आणि कंपनीचा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेलचा कोड हॉटेल सगळ्या जगाला वाटतं. कंपनीचा कोड हा करार असतो. कंपनी हॉटेलला सांगते की वर्षभरात आमची माणसं तुमच्याकडं अमुक इतक्या रात्री राहतील. हॉटेलच्या भाषेत त्याला रूम नाइट म्हणतात. त्या आकड्यावर घासाघीस होते आणि एक भाव ठरतो. कधी तो ठरावीक असतो, कधी त्या दिवशीच्या खुल्या भावावर काही टक्के सूट असते. त्यात बऱ्याचदा नाश्ता येतो, आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करायची मुभा येते. पुढच्या वर्षीचा भाव ठरवायला दोघं पुन्हा बसतात तेव्हा गेल्या वर्षीची यादी समोर असते : कोण आलं, कधी आलं, कुठं राहिलं.

तुमच्या स्वतःच्या फर्मचंच बघा ना. उद्यमनगरात काय किंवा शिरोलीत काय, पुण्या-चाकणच्या गिऱ्हाइकांची क्वालिटीची माणसं तपासणीला येतात, तेव्हा त्यांना उतरवायला शेठनी कावळा नाक्याजवळच्या नाहीतर ताराबाई पार्कातल्या एखाद्या हॉटेलात बोलून ठेवलेलं असतं. "आमच्या फर्मच्या नावानं आला की इतक्यात द्या." आता तिथं शेजारच्या वर्कशॉपच्या फोरमनचा साडू तुमच्या शेठचं नाव सांगून राहायला लागला, तर पहिला फोन कोणाला येईल? हिशोब तुम्हीच बघता. तुम्हालाच येईल.

मला ठाऊक आहे, आपल्याकडं अशा गोष्टीला कोणी चोरी म्हणत नाही. साखर कारखान्याच्या सभासदाच्या कार्डावरची सवलतीची साखर कोल्हापूर जिल्ह्यात किती घरांत जाते, ज्यांच्या नावावर ऊस सोडाच, गवताची काडीसुद्धा नाही! आमच्याही घरी यायची, मामांच्या कार्डावरची. दिवाळीच्या करंज्या त्यातच व्हायच्या. पण त्यात एक फरक होता. साखर उचलायला मामा स्वतः जायचे, सही त्यांची असायची. उचललेली साखर त्यांनी बहिणीला दिली तर कारखान्याचं काय जातंय? मेव्हण्याच्या कोडात तुम्ही स्वतः खिडकीपुढं उभे राहताय आणि म्हणताय, सभासद मीच.

हे अक्षरशः म्हणताय, कसं ते सांगते. चेक-इनला तुमच्यापुढं एक छापील कागद सरकवला जातो. हॉटेलवाले त्याला जीआर कार्ड म्हणतात, गेस्ट रजिस्ट्रेशन. आता काही ठिकाणी टॅबवर असतं. त्यावर तुमचं नाव, पत्ता, येण्याजाण्याची तारीख असते आणि अधल्यामधल्या एका रकान्यात कंपनीचं नाव आधीच छापून आलेलं असतं, कारण कोड टाकला तेव्हाच संगणकानं ते बुकिंगला चिकटवलेलं असतं. खाली वरील माहिती बरोबर आहे अशा अर्थाची एक ओळ असते आणि त्याच्याखाली सहीची जागा. शंभरातले नव्याण्णव लोक न वाचता सही करतात. तुम्ही अकाउंट्सवाले, तुम्ही वाचणार. वाचून सही करताना हात थोडा अडखळेल, आणि समोरची पोरगी नवशिकी नसेल तर तिच्या ते लक्षात येईल. आम्ही कागदापेक्षा हात जास्त बघायचो.

पुण्याच्या हॉटेलात असताना एका डिसेंबरातल्या शनिवारी असंच झालं. लग्नसराई, हॉटेल फुल्ल. फुल्ल असलं की काय होतं ते आधी सांगते, कारण तुमच्या तारखाही डिसेंबरातल्याच आहेत. सकाळी त्या दिवशी येणाऱ्यांची यादी निघते, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं भाव आणि कोड असतो. रूम रिकाम्या असल्या की ती यादी कोणी निरखत नाही. रूम संपल्या आणि दारात दुप्पट भाव द्यायला माणसं उभी असली, की भाव ठरवणारा साहेब ती यादी घेऊन बसतो आणि कमी भावाच्या नावांपुढं पेन्सिलीनं खुणा करतो. "यांचं आयडी बघून घ्या." त्या दिवशी खुणेचं पहिलंच नाव सांगलीकडच्या एका कुटुंबाचं होतं.

मुलगा काउंटरला आला. वडील मागं सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते, धोतर-टोपी, मांडीवर कापडी पिशवी. एवढ्या मऊ सोफ्यावर टेकून बसायचा त्यांना संकोच वाटत असावा. मी आयकार्ड मागितलं. तो म्हणाला घरी राहिलं. मग मोबाइलवर कोणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड दाखवलं, त्यावर आडनाव तेच पण नाव वेगळं. मग म्हणाला, भाऊ आहे तिथं, फोन लावून देतो. माझ्या मागं ड्युटी मॅनेजर येऊन उभे राहिले होते, माझ्याच्यानं काही सोडवेना. त्या दिवशीचा खुला भाव सांगावा लागला. आवाज वाढला नाही, पण उशीर झाला तसे वडील उठून आले. "काय झालं रं? पैसं कमी पडलं का?" असं म्हणत त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि माझ्यापुढं काउंटरवर ठेवल्या.

मुलानं कार्डानं पैसे भरले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळे आले, आई आली नाही. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, ती म्हणतेय एवढं बिल झालंय, त्यात आणखी खाण्याचा खर्च कशाला. नाश्ता त्या भावात धरलेलाच होता. मी वर ताट पाठवून दिलं, पण त्यांनी त्यातला चहा तेवढा घेतला.

तुमच्या बाबांच्या आणि आईच्या ४० वर्षांचा समारंभ आहे म्हणून हे लिहिलं. ऑफिसच्या कामाला गेलेल्या एकट्या माणसाला रिसेप्शनवर थोडं ओशाळं व्हावं लागलं तर तो रात्री दोन घोट घेऊन विसरतो.

आता आकडे, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरे कळतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्यावर गेलं की १८ टक्के. कर प्रत्यक्षात लावलेल्या भावावर बसतो, दारावर लिहिलेल्या भावावर नाही. म्हणजे ६,८०० ची रूम तुम्हाला करासकट ७,१४० ला पडते. काउंटरवर कोड नाकारला आणि ९,२०० चा भाव लागला तर करासकट १०,८५६. एका रूमला एका रात्रीचे ३,७१६ वाढले. तीन रूम, दोन रात्री : २२,२९६ रुपये. भावातला फरक बघितला तर १४,४०० चाच आहे, बाकीचा कराचा टप्पा ओलांडल्याचा भुर्दंड. आणि ९,२०० हा तुम्ही बुकिंग केलं त्या दिवशीचा भाव. तुम्ही पोचाल त्या दिवशीचा खुला भाव त्याहून चढलेला असू शकतो, आणि नियम बहुतेक हॉटेलांत असाच असतो की पात्रता सिद्ध झाली नाही तर त्या दिवशी चालू असलेला भाव लावायचा. रूम शिल्लक नसतील तर बुकिंग नाकारायचीही सोय त्यांनी नियमांत करून ठेवलेली असते. रात्री आठ वाजता, तीन कुटुंबं, डिसेंबरातला गोवा. दुसरीकडं काय भावात मिळेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

एवढं झालं तरी ते पैसेच आहेत. मला खरी काळजी मेव्हण्याची वाटते, आणि बायकोला समजावताना तुम्ही इथूनच सुरुवात करा.

दर महिन्याच्या १४ तारखेला तुम्ही जीएसटीआर-२बी उघडून बसता. आपल्या नंबरवर कोणी कोणी बिलं फाडलीत ते त्यात आपोआप येऊन पडतं, आणि ओळखीचं नसलेलं एक बिल दिसलं की तुम्ही शॉपभर विचारत फिरता, "हे कुणाचं?" बरोबर? आता असं समजा की हॉटेलच्या संगणकात मेव्हण्याच्या कंपनीचं जे खातं आहे, त्याला कंपनीचा जीएसटी नंबर जोडून ठेवलाय. कंपन्यांच्या खात्यांना तो बऱ्याचदा जोडलेला असतो, कारण नेहमीच्या पाहुण्यांना तसंच बिल लागतं. तुम्ही चेक-आउटला घाईत असाल, गाडी बाहेर उभी, बाबा समुद्राला शेवटचा नमस्कार करून परत आलेत. बिल निघालं, तुम्ही रक्कम बघितली, कार्ड घासलं आणि निघालात. बिल कंपनीच्या नावानं, तिच्या नंबरवर. पुढच्या महिन्यात पुण्यात तुमच्यासारखाच कोणीतरी २बी उघडून बसेल आणि विचारेल, गोव्यातल्या या तीन रूम कुणाच्या? आपल्याकडं या आडनावाचा माणूसच नाही.

आणि नंबर जोडलेला नसला तरी पुढच्या वर्षीचा भाव ठरवताना समोर असते म्हटलं ती यादी आहेच. हॉटेलांच्या साखळ्या कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कला पाठवतात, कोणत्या कोडावर कोण राहिलं. मोठ्या कंपनीत हजार नावांत तुमचं नाव कोणी शोधणार नाही, हेही खरं. पण ज्या दिवशी शोधतील त्या दिवशी प्रश्न तुम्हाला विचारणार नाहीत. तुम्ही उद्यमनगरात सुखानं व्हाउचर पास करत बसला असाल, आणि हिंजवडीत एचआरच्या खोलीत तो बसलेला असेल. आयटीत सध्या वातावरण काय आहे ते आपण पेपरात वाचतो. कोणाला नारळ द्यायचा याचं कारण शोधत असलेल्या साहेबाच्या हातात आपण होऊन कारण का द्यायचं? त्यानं बुकिंगला स्वतःचं हॉटेलच्या मेंबरशिपचं खातं जोडलं असेल तर तेही बघा. नियम मोडला असं वाटलं तर साठलेले पॉइंट जप्त करून खातं बंद करायचा हक्क या साखळ्या स्वतःकडं ठेवतात.

"आमच्यातले सगळेच देतात" म्हणतो तो, त्याला एवढंच विचारा की कंपनीच्या धोरणात काय लिहिलंय. कारण काही कंपन्या खरोखर परवानगी देतात. खासगी सहलीलाही कोड वापरा म्हणतात, किंवा कर्मचाऱ्यांच्या सवलतींच्या पोर्टलवर त्यासाठी वेगळा कोड असतो. तिथंही अट साधारण अशी असते की कर्मचारी स्वतः त्या रूममध्ये राहायला हवा. बायको-मुलं बरोबर असली तर हरकत नसते. दाजी, दाजींची बहीण आणि तिच्याकडचे इतके लांब सहसा कोणी जात नाही.

आता काही लोक सुचवतील त्या युक्त्या. मेव्हण्याच्या आयकार्डचा फोटो मोबाइलवर ठेवा : फोटो त्याचा, आधार तुमचं, दोन मिनिटांत उघडं पडेल. "कंपनीचे सर मागून येताहेत" : येईपर्यंत किल्ली मिळणार नाही. आणि लक्ष्मीपुरीत पाचशे रुपयांत लेटरहेड नाहीतर व्हिजिटिंग कार्ड छापून मिळतं, असंही कोणीतरी म्हणेल. इथं मात्र मी हात जोडते. सवलतीचा कोड वापरणं हा हॉटेलचे नियम मोडण्याचा मामला आहे, पैसे भरून बहुधा मिटतो. खोटं ओळखपत्र किंवा पत्र बनवून पुढं करणं म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळी कलमं आहेत : ३३६ बनावटीचं, ३४० तो कागद खरा म्हणून वापरल्याचं. १४,४०० रुपयांच्या सवलतीसाठी त्या वाटेला पाय टाकायचा नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण हे वाचणाऱ्या आणखी कोणासाठी दोन ओळी. टेलिग्रामवर कंपन्यांच्या कोडांच्या याद्या फिरतात, त्यांतला कोड वापरणाऱ्याला तर रिसेप्शनवर सांगायला मेव्हणासुद्धा नसतो. आणि "आमच्याकडं कॉर्पोरेट रेट आहे, यूपीआयवर ॲडव्हान्स टाका, व्हाउचर पाठवतो" म्हणणारे एजंट दुसऱ्याचा कोड टाकून रूम अडवतात, पैसे घेतात आणि नंतर रद्द करतात. असं झालं तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात. हॉटेलात काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतो तो वेगळाच भाव. त्याला त्या कर्मचाऱ्याच्या नावाचा फॉर्म लागतो, आणि त्यात भानगड झाली तर नोकरी जाते. पणजीला माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाची गेली. मावसभावासाठी.

मग काय करायचं? बुकिंगचा मेल उघडा आणि फुकट रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ बघा. वेळ हॉटेलच्या घड्याळाची असते. तारीख गेली नसेल तर तिन्ही रूम आजच रद्द करा, ऑनलाइनच. हॉटेलला फोन करून गोष्टी रचत बसू नका, कोणी कारण विचारत नाही. पण रद्द करायच्या आधी नवीन बुकिंग हातात असू द्या, म्हणजे मधल्या मध्ये लटकायला नको.

नवीन बुकिंग साध्या मार्गानं किती महाग पडतं ते तरी बघा, पुष्कळदा माणूस न बघताच घाबरतो. त्याच हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर मेंबरशिप घ्या, फुकट असते, आणि मेंबरचा भाव खुल्या भावापेक्षा थोडा कमी दिसतो. काही साखळ्यांत साठीच्या पुढच्यांना वेगळी सूट असते, आई-बाबांच्या रूमसाठी ती शोधा. आगाऊ पैसे भरून परत न मिळणारा भाव सगळ्यात कमी दिसेल. वयस्कर माणसं बरोबर असताना मी तो घेत नाही. बाबांना आदल्या दिवशी ताप आला तर सगळंच बुडतं.

त्यापेक्षा फोन उचला आणि हॉटेलच्या रिझर्व्हेशनला नाही, सेल्सला मागा. सांगा की कोल्हापूरहून तीन रूम, दोन रात्री, आई-बाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस. सहा रूम नाइट म्हणजे मोठा ग्रुप नाही, पण सेल्सच्या माणसाला रविवार ते गुरुवार रूम भरायच्या असतात. शनिवार सोडून रविवारी रात्री चेक-इन केलंत तर भाव वेगळाच ऐकू येईल. भाव खाली आला नाही तर नाश्ता मागा, लवकर चेक-इन मागा, आई-बाबांना खालच्या मजल्यावरची रूम मागा. मी काउंटरला होते तेव्हा अशा मागण्यांना सहसा नाही म्हणत नव्हतो, कारण मागणारे फार थोडे असायचे. भाव ७,५०० च्या आत आणता आला तर कराचाही टप्पा खाली येतो, हे बोलताना डोक्यात असू द्या. ७,६०० आणि ७,४०० मध्ये दोनशेचा फरक नाही, करासकट जवळजवळ बाराशेचा आहे.

तारीख पुढंमागं होत असेल तर नाताळच्या आठवड्यात जाऊ नका. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भाव बरे असतात, फक्त ३ तारखेला जुन्या गोव्यात झेवियरचं फेस्त असतं आणि ८ ला पणजीच्या चर्चचं, तेवढ्या दिवशी त्या बाजूला गर्दी. आणि अगदीच बजेटचा प्रश्न असेल तर गोवा पर्यटन महामंडळाच्या रेसिडेन्सी आहेत, मिरामारला आहे, कोलव्याला आहे. झगमगाट नाही, पण मिरामारच्या रेसिडेन्सीतून समुद्र चालत गाठता येतो, आणि तुमच्या आईंना सोफ्यावर टेकून बसायचा संकोच वाटणार नाही.

तुमच्या शेठना कामासाठी गोव्याला जावं लागत असेल तर एक गोष्ट आणखी. लहान फर्मलाही हॉटेलं स्वतःचा भाव देतात, लेटरहेडवर सेल्सला एक मेल टाकला की बोलणी सुरू होतात. तो भाव खासगी सहलीला वापरायचा की नाही हे शेठ ठरवतील, पण तिथं विचारायला माणूस समोर आहे आणि उत्तर अर्ध्या तासात मिळतं.

राहिला मेव्हणा. त्याला "मला नको तुझा कोड" असं म्हणू नका, बहिणीच्या घरी त्यानं हौसेनं काहीतरी केलंय. असं म्हणा : "पाव्हणं, मेलमध्ये लिहिलंय तुमचं आयकार्ड लागतंय म्हणून. तुम्ही येताय का बरोबर? येत असला तर तुमच्या एचआरला विचारून एक रूम तुमच्या नावावर ठेवू. नसला तर मी रद्द करतो, उगीच तुमच्या नावाला डाग नको." यात त्याचा मान राहतो, आणि खरंच आला तर आई-बाबांना बरंच वाटेल. बायकोला मात्र हे मेव्हण्याशी बोलायच्या आधी सांगा, नंतर नाही. आणि तिला २बीची गोष्ट सांगा. भावाचं नाव कोणाच्या तरी संगणकात असं एकटं वर येईल म्हटल्यावर ती स्वतःच फोन लावेल.

आता तुमचा जाता जाता विचारलेला प्रश्न. नाही चालणार, आणि हे तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं! हॉटेलच्या रूमचा कर हॉटेल जिथं उभं आहे तिथला धरतात, म्हणजे केंद्राचा सीजीएसटी आणि गोवा राज्याचा एसजीएसटी लागणार. तुमची फर्म महाराष्ट्रात नोंदलेली, तिला गोव्याच्या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. मिळालं असतं तरी जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये खासगी उपभोगाचं क्रेडिट अडवलेलंच आहे. उलट ते बिल शेठच्या २बीत येऊन बसेल आणि १४ तारखेला तुम्हीच तुम्हाला विचाराल, हे कुणाचं? बिल बाबांच्या नावानं करून घ्या. चेक-इनला आधी सांगितलंत की तसं होतं.